इंद्रजितच्या रानाची माती

“पण का नको, वस्ताद?”

इंद्रजितनं पुन्हा विचारलं. डोक्यावर मातीची बुट्टी तशीच. उतरवून घ्यायला कुणी पुढं होईना. वस्तादांनी एकदा नको म्हटल्यावर हात लावायची छाती कुणाची?

दस्तगीर वस्ताद हौद्याच्या कठड्यावर बसून चहा पीत होते. बशीत ओतून, फुंकर मारून, सावकाश. त्यांना चहाच्या वेळी घाई केलेली चालत नाही.

दसऱ्याची सकाळ होती. तालमीच्या दारात हलगीवाले आले होते, गाव जमलं होतं, नारळ फोडून झाला होता. आणि आत हा खोळंबा.

परक्या माणसाला कळावं म्हणून सांगतो. हौदा म्हणजे तालमीतली कुस्तीची जागा, चार भिंतींच्या आत भरलेली माती. आमच्या तालमीची रीत अशी, की ज्या पठ्ठ्यानं वर्षभरात मोठ्या जत्रेचं मैदान मारलं, त्यानं दसऱ्याला आपल्या रानातली एक बुट्टी माती वाजतगाजत आणायची आणि हौद्यात मिसळायची. मूळची तांबडी माती, त्यात वारणाकाठची काळी पडत गेली. आता आमच्या हौद्याचा रंग धड तांबडा नाही, धड काळा नाही. पण त्या रंगाला मान आहे. ज्याची बुट्टी पडली तो कायमचा तालमीचा. ज्याची पडली नाही त्यानं गदा घरी न्यावी आणि दाराला आडसर म्हणून लावावी.

माझी बुट्टी त्यात नाही. मी आयुष्यभर दुसराच आलो. म्हणून तालमीची किल्ली सांभाळतो आणि पोरांना बदाम वाटून देतो. केरबा माझं नाव.

इंद्रजित थोरातनं मात्र औंदा मैदान मारलं होतं. आणि त्याला गदेपेक्षा या बुट्टीची ओढ जास्त. कारण त्याच्या वडिलांची, बाळकू थोरातांची, बुट्टी या हौद्यात पडलेली. बाळकू आता नाही. बापाच्या मातीत आपली माती मिसळायची, एवढ्यासाठी हा गडी वर्षभर राबला. हे त्यानं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण तालमीत कळायचं ते सगळ्यांना कळतंच.

“वस्ताद, गावात माझ्याएवढा ऊस कुणाचा निघत नाही.”

“ठाऊक हाय.”

“खताला मी कधी हात आखडला नाही.”

“ते पण ठाऊक हाय.”

“मग?”

वस्तादांनी बशी रिकामी केली. “बुट्टी खाली ठेव आधी. मान आखडंल.”

त्यानं ठेवली. धप्प आवाज झाला. मी वाकून बघितलं. नुसती ढेकळं. वरनं पांढरट, खारट दिसणारी. एक उचलून मुठीत दाबलं, फुटेना. बदाम वाटून वाटून माझ्या बोटांना चांगला जोर आहे, तरी फुटेना. मी आपलं गुपचूप परत ठेवलं.

वस्ताद कठड्यावरून उतरले. अनवाणी हौद्यात गेले. चिमूटभर माती उचलली, कपाळाला लावली आणि जिभेवर ठेवली.

आम्हाला त्यात नवल नव्हतं. इथं पोरं रोज तोंडावर पडतात. दातांत माती येते, थुंकतात आणि परत एकमेकांना धरतात.

मग वस्ताद बुट्टीपाशी आले. एका ढेकळाचा कोपरा नखानं खरवडला. तळहातावर थोडा चुरा आला. तो तळहात इंद्रजितसमोर धरला.

“घे. टाक तोंडात.”

इंद्रजितनं हात पुढं केला...

आणि तसाच धरून राहिला.

“काय झालं?”

“वस्ताद... गेल्या आठवड्यात फवारलंय.”

“काय फवारलंय?”

“तणाचं औषध. सोयाबीन निघालं, आता उसाची लागण करायची म्हणून...”

“मग टाक की. औषधच हाय म्हणतोस.”

“तोंडात घालायचं नसतं ते. फवारल्यावर हात धुवायचे, कपडे बदलायचे. डब्यावर लिहिलेलं असतं.”

“बरं.”

वस्तादांनी तळहात उलटा केला. चुरा बुट्टीत पडला. मग धोतराला हात पुसता पुसता थांबले आणि कोपऱ्यातल्या हंड्यावर जाऊन हात धुऊन आले. साबण लावून. सगळी तालीम बघत होती.

“ही सगळी पोरं,” वस्ताद म्हणाले, “ह्यांना मी रोज इथं तोंडावर पाडतो. ह्यात कसं पाडू? तूच सांग.”

इंद्रजितच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. पैलवान चिडला की आधी कान बोलतात.

“एक बुट्टी तर आहे,” तो शेवटी म्हणाला. “एवढ्या हौद्यात कुणाला कळणार आहे?”

“तुला कळंल की.”

...

बाहेर हलगीवाल्यानं हलगी शेकायला जाळ केला होता. त्याचा धूर आत यायला लागला. कुणी खोकलं.

“पहाटे हौद्यात पहिला कोण उतरतो?” वस्तादांनी विचारलं.

“मी.”

“काय करतोस?”

“काय करतोस म्हणजे? माती उकरतो. सगळा हौदा खालवर करतो. ताक घालतो. लिंबू, हळद, काव, तेल... ज्या दिवशी जे असेल ते.”

“कशाला पण? खेळायचं सोडून एवढी उठाठेव?”

“नाहीतर माती मरती, वस्ताद. घट्ट बसती. तिच्यावर पडलं तर हाड मोडतं माणसाचं. मातीला रोज काहीतरी द्यायला...”

आणि इथं त्याचं तोंड उघडंच राहिलं.

मी इतक्या वर्षांत तालमीत लई डाव बघितलेत. ढाक बघितली, कलाजंग बघितली, घिस्सा बघितला. पण माणूस स्वतःच्याच बोलण्यानं असा अलगद उचललेला पहिल्यांदाच बघितला.

“हे कुणी शिकवलं तुला?”

“तुम्हीच.”

“मग घरी जाताना शिकवण दारात काढून ठेवत होतास व्हय रं? चपला घालायच्या आणि शिकवण इथंच?”

पोरं हसली. इंद्रजितला हसायचं नव्हतं, पण हसू आवरतही नव्हतं. राग आणि हसू एकाच तोंडावर आलं की माणूस फार गोड दिसतो. मला त्या वेळी त्याचा एकदम लळा आला.

दाराशी त्याची आई उभी होती, आरतीचं ताट घेऊन. हौद्याकडं बायका येत नाहीत, उंबऱ्यातनं ओवाळतात. गाव तिला अक्का म्हणतं. तिनं तिथनंच आवाज दिला.

“वस्ताद, ह्याच्या बापाची बुट्टी आठवते का?”

“आठवते की.”

“मी नवी नवरी. सगळं गाव बघतंय. आणि ह्यांच्या डोक्यावरच्या बुट्टीतनं गांडुळं निघाली, वळवळत कपाळावर. बायका पदर तोंडात घालून हसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.”

“आणि बाळकू बुट्टी सोडायला तयार नाही,” वस्ताद म्हणाले. त्यांचे डोळे बारीक झाले. “म्हणाला, आधी ही पाव्हणी उतरवून घ्या. एकेक गांडूळ वेचलं त्यानं. ओंजळीत धरून परत रानात सोडून आला. तोवर मिरवणूक रस्त्यात उभी. हलगीवाले वैतागले, पण वाजवत राहिले.”

सगळी तालीम खदखदून हसली. अक्का ताट धरून हसत होती, ताटातलं कुंकू सांडायला लागलं.

इंद्रजित बुट्टीकडं बघत होता.

“आता एक पण निघत नाही,” तो म्हणाला. “ट्रॅक्टर चालू केला की पूर्वी मागं बगळे यायचे. वडील असताना रांग लागायची. आता शेजारच्या रानात बसतात. माझ्या रानाकडं ढुंकून बघत नाहीत.”

केवढा मैदान मारलेला गडी, मांड्या म्हणजे खांब, आणि बगळ्यांनी टाकलं हे सांगताना चेहरा असा झाला, की हसावं का रडावं कळेना. मी बदामाच्या पाट्याकडं बघत बसलो.

“मग वस्ताद...” त्यानं मान वर केली. “माझी बुट्टी पडायचीच नाही का?”

...

वस्तादांनी दाराकडं बघितलं.

“हलगीवाले किती वेळ हायत?”

“दुपारपर्यंत सांगितलंय,” मी म्हणालो.

“मग त्यांना रिकामं कशाला बसवायचं? केरबा, एक मोकळी बुट्टी आण.”

मी आणली. वस्ताद बुट्टी घेऊन हौद्यात बसले आणि ओंजळीनं माती भरायला लागले. हौद्याची माती. बुट्टीत.

मला राहवेना. आमच्याकडं हौद्याची माती बाहेर जात नाही. कण जाऊ नये म्हणून पोरं बाहेर पडताना पाय झटकतात, लंगोट झटकतात. एकदा एक पाव्हणा पुडीत बांधून नेत होता, तर त्याला वेशीवरनं परत आणला होता.

“वस्ताद,” मी म्हणालो, “रीत नाही अशी.”

“ऐंशीच्या घरात आलो केरबा. इतक्या रीती सांभाळल्या, एखादी पाडू दे की.”

बुट्टी भरली. त्यांनी ती इंद्रजितपुढं सरकवली.

“ही तुझ्या बापाची माती. बाकीच्यांची पण हाय, पण आता निवडून देता येत नाही. मिसळलीया. उचल.”

“कुठं नेऊ?”

“रानात.”

“रानातनं तालमीत आणायची असते, वस्ताद. तालमीतनं रानात कोण नेतं?”

“तू नेणार.”

इंद्रजित क्षणभर बावचळला. मग खाली वाकला, बुट्टी उचलली आणि डोक्यावर घेतली. स्वतःची ढेकळांची बुट्टी त्यानं मला धरायला लावली. ती पण परत न्यायची होती ना. आतापर्यंत आयुष्यात मी हौद्यासाठी बुट्टी धरली नव्हती आणि धरली ती ही. माझं नशीब हे असं.

तर निघाली मिरवणूक. पुढं हलगी आणि घुमकं, मागं पठ्ठे, मधे इंद्रजित, त्याच्यामागं कण्हत मी, आणि सगळ्यात मागं एका पोराच्या मोटारसायकलवर आमचे वस्ताद, फेटा सांभाळत.

वेशीपाशी लोक उभे होते. सकाळी ज्यांनी मिरवणूक येताना बघितली त्यांनीच आता जाताना बघितली.

“काय हो,” एकानं विचारलं, “नापास झाली काय माती?”

“झाली,” इंद्रजित म्हणाला. डोक्यावर ओझं असूनही त्यानं मान ताठ ठेवली. “परत बसवणार आहे.”

हे ऐकून वस्तादांनी मागनं हलगीवाल्याला हात केला. जोरात, असा. हलगीवाल्यानं अशी काय कडाडून हलगी ताणली, की बांधावर पोचेपर्यंत पठ्ठे नाचत होते. पैलवान नाचतो तेव्हा जमीन त्याला घाबरते. अक्कासुद्धा ताल धरून चालत होती, तिच्या लक्षातही आलं नाही.

रान उघडं होतं. सोयाबीनचे बुडखे उभे, खालच्या अंगाला पांढरी मिठासारखी फूट आलेली. पाणी देऊन देऊन ती फुटते, आमच्या भागात आता बरीच रानं तशी झालीत. बांधाच्या पलीकडं शेजाऱ्याचं रान नांगरत होते. तिथं बगळेच बगळे.

मी ढेकळं एका बाजूला ओतली आणि इंद्रजितनं मधोमध हौद्याची बुट्टी ओतली. केवढी मोठी वाटत होती डोक्यावर, रानात मुठीएवढी दिसायला लागली.

“एवढ्यानं काय होणार, वस्ताद?”

“काय होत नाही.”

“मग आणली कशाला?”

“ओळख करून द्यायला.”

पोरांनी तोवर कुदळी आणल्या होत्या. तालमीच्याच. हौद्याएवढी जागा आखली आणि एकानं पहिला घाव घातला. कुदळ टणकन उडाली, त्याच्या हाताला झिणझिण्या आल्या. सगळे हसले. दुसऱ्यानं घातला, ती पण उडाली. मग त्यांना चेव चढला. माती जिंकती म्हणजे काय? घामाघूम होईपर्यंत उकरलं. अक्कानं गोठ्यातनं शेणखत आणवलं, कुणीतरी गंजीतनं उसाचं पाचट ओढून आणलं. असलं पाचट दरवर्षी इंद्रजित पेटवून द्यायचा आणि दोन दिवस गाव खोकायचं. आज त्यानं ते स्वतःच्या हातानं मातीवर अंथरलं. हातानं थापटलं, पहाटे हौदा थापटतो तसं. त्याला ते करायला कुणी सांगितलं नव्हतं.

एवढं झाल्यावर तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. हौद्याएवढी जागा झाली होती. बाकीचं रान समोर पसरलेलं. त्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं.

“वस्ताद, एक बोलू?”

“बोल.”

“सगळ्या रानाला असं करायचं म्हटलं, फवारायचं नाही, पाचट जाळायचं नाही, खत निम्म्यावर आणायचं... तर पहिल्या वर्षी ऊस पडणार. निम्मा निघंल.”

“निघंल.”

“गाव म्हणंल, इंद्रजित आपटला.”

“म्हणंल.”

“मला...” त्यानं घाम पुसला. “मला आपटायची सवय नाही, वस्ताद. तुम्हीच लावली नाही.”

हे मात्र खरं होतं. 

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दस्तगीर वस्तादांची पाठ आजवर कुणी मातीला लावलेली नाही. तरुणपणी भलेभले आले आणि अस्मान बघून गेले, पण वस्तादांनी खाली पडून आभाळ कधी बघितलं नाही. गावात तर अशी बोलवा, की ते झोपतातसुद्धा कुशीवर. आजारपणात डॉक्टरनं उताणं झोपा म्हटलं, तर ह्यांनी डॉक्टर बदलला.

तर त्या दस्तगीर वस्तादांनी फेटा काढला. माझ्या हातात दिला. न उकरलेल्या बाजूला चार पावलं गेले, जिथं रान अजून दगडासारखं होतं. गुडघ्यावर बसले. मग एक हात टेकला. मग कोपर.

आणि पाठीवर आडवे झाले. सरळ. दोन्ही खांदे टेकवून, हात पसरून.

हलगी थांबली.

मला वाटलं, उन्हानं चक्कर आली. मी फेटा टाकून धावलो.

“केरबा, बाजूला हो,” वस्ताद खालनं म्हणाले. “आभाळ बघू दे.”

 बांधावर लोक जमले होते, त्यांतल्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. एक जण तर माझ्या कानात म्हणाला, केरबा, हे बघायला मी जगलो म्हणायचं का मेलो?

“वस्ताद...” इंद्रजित पुढं आला. “पाठ...”

“लागली.”

“तुमची पाठ लागली, वस्ताद.”

“व्हय की. दिसतंय ना सगळ्यांना? बांधावरच्या लोकांना दिसलं का रं? नसंल दिसलं तर जवळ या म्हणावं.”

आणि वस्ताद हसायला लागले. पडल्या पडल्या, पोट धरून. म्हाताऱ्या माणसाचं असं लहान पोरागत हसणं मी बघितलं नव्हतं. आधी अक्का हसली, मग पोरं, मग सगळा बांध. मलाही हसू आवरेना आणि डोळ्यांतनं पाणी पण येत होतं. का ते विचारू नका.

इंद्रजित तेवढा उभा होता. वस्तादांकडं बघत. 

मग तोही बसला. वस्तादांच्या शेजारी, हळूच, पहिल्यांदा हौद्यात उतरलेल्या पोरासारखा घाबरत, त्यानं पाठ टेकवली. औंदा मैदान मारलेला गडी, गावासमोर, उताणा.

“कसं वाटतंय?” वस्तादांनी विचारलं.

“...हलकं वाटतंय.”

एकेक करत सगळे पठ्ठे येऊन आडवे झाले. हलगीवाल्याला वाटलं, आता वाजवलंच पाहिजे. त्यानं वाजवायला घेतलं. शेजारच्या रानातले बगळे आवाजानं उडाले, आमच्या डोक्यावरनं एक घिरटी घातली आणि परत आपल्या जागी जाऊन बसले.  आभाळ स्वच्छ होतं.

बऱ्याच वेळानं इंद्रजितनं मान वळवली.

“वस्ताद, मग माझी बुट्टी कधी घ्याल?”

वस्तादांनी पाठ जराशी इकडं हलवली, जराशी तिकडं हलवली. डोळे मिटले.

“अजून टोचतंय,” ते म्हणाले. “पुढच्या दसऱ्याला परत पडून बघतो.”